लाल घर आणि त्याची न बांधलेली बाजू

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात गच्चीवरच्या मांडवात दिलेलं व्याख्यान. स्मरणिकेसाठी लिहून काढताना पडद्यावरच्या चित्रांकडे बोट दाखवून बोललेली वाक्यं गाळली आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



समितीने मला सांगितलं होतं की पंचवीस वर्षं झाली, तेव्हा तुम्ही आपल्या इमारतीबद्दल बोला. मी म्हटलं, इमारतीबद्दल आपण दर रविवारी ऑफिसात बोलतोच, आणि गळती आणि पार्किंग यांच्यापलीकडे ते बोलणं जात नाही. त्यापेक्षा मला दुसऱ्या एका घराबद्दल बोलू द्या. ते इथून फार लांब आहे. लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथ नावाचं उपनगर आहे, तिथे. त्याचं नाव ‘रेड हाउस’. आपण त्याला लाल घर म्हणू. ते १८५९ साली बांधायला घेतलं आणि १८६० मध्ये त्यात माणसं राहायला आली. ज्यांनी हौसेने बांधलं ते जेमतेम पाच वर्षं राहिले. तरीही आज जगभर आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरांना हे घर परीक्षेला असतं.

माझं सगळं आयुष्य ड्रॉइंग बोर्डापुढे गेलं. त्यामुळे हे घर मला आधी नकाशातून माहीत झालं, आणि पुष्कळ वर्षांनी, मुलीकडे गेलो असताना, प्रत्यक्ष बघायला मिळालं. नकाशात दिसत नाही असं त्यात बरंच आहे. त्यातलीही एक गोष्ट मला विशेष वाटते, ती म्हणजे या घराची जी बाजू बांधलीच गेली नाही ती. तिच्यापर्यंत यायला थोडा वेळ लागेल. चहा मध्येच येणार आहे असं कळलं, तेव्हा हरकत नाही.

दोन माणसं ध्यानात ठेवा. एक विल्यम मॉरिस, दुसरा फिलिप वेब. दोघांची ओळख ऑक्सफर्डला जी. ई. स्ट्रीट नावाच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात झाली, १८५६ साली. वेब तिथे वरिष्ठ सहायक आणि मॉरिस उमेदवार. मॉरिसने थोड्याच महिन्यांत ती उमेदवारी सोडली आणि चित्रं काढायला गेला. पण मैत्री जन्मभर टिकली. मॉरिसकडे पैसा होता. वडिलांनी डेव्हनमधल्या एका तांब्याच्या खाणीचे शेअर घेऊन ठेवले होते, त्यावर त्याला वर्षाला सुमारे ९०० पौंड मिळत. १८५९ मध्ये त्याने जेन बर्डन या मुलीशी लग्न केलं. तिचे वडील घोड्यांच्या पागेत कामाला होते. श्रीमंत घरातल्या मुलाने असं लग्न करणं तेव्हा सोपं नव्हतं. आता या जोडप्याला घर हवं होतं, आणि मॉरिसला बाजारात तयार मिळणारं एकही घर पसंत नव्हतं. त्याने वेबला सांगितलं, तू बांध. वेब २८ वर्षांचा, मॉरिस २५ वर्षांचा. वेबचं हे पहिलं स्वतंत्र काम. पहिलं काम मित्राचं घर असावं, हे भाग्यही आहे आणि मोठी जोखीमही. आमच्या धंद्यात मित्राचं घर केल्यावर मैत्री टिकली अशी उदाहरणं मी बोटांवर मोजू शकतो.

जागा निवडली ती फळबागेची. सफरचंदं आणि चेरीची झाडं होती. ती तोडायची नाहीत असं ठरलं आणि घर झाडांच्या मधे बसवलं. गरमीच्या दिवसांत खिडक्या उघड्या असल्या की रात्री सफरचंदं आत पडत, असं त्या काळच्या मंडळींनी लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे प्लॉट मिळाला की पहिल्या दिवशी काय होतं ते मी सांगायला नको. कुंपणाजवळचा आपला जांभूळ वाचला तो केवळ त्या कोपऱ्यात कायद्याने मोकळी जागा सोडावी लागते म्हणून.

आता भिंती. त्या काळात इंग्लंडमधला पैसेवाला मध्यमवर्ग घर बांधायचा विटांचंच. पण वीट दिसणं कमीपणाचं वाटे. म्हणून वरून गुळगुळीत गिलावा करायचा, त्यावर दगडाच्या सांध्यांसारख्या रेघा ओढायच्या आणि रंग लावून घर दगडाचं असल्याचा आव आणायचा. वेबने गिलावा केलाच नाही. साधी लाल वीट बांधली, दर्जा भरल्या आणि सोडून दिली. वर उंच उतरतं छप्पर, त्यावर लाल कौलं. बस्स. त्यावरूनच नाव पडलं लाल घर. आपल्या लॉबीत अलीकडे संगमरवरासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावल्या आहेत, त्यांच्याविषयी मी आज काही बोलणार नाही. आज आनंदाचा दिवस आहे.

काही पुस्तकांत या घराला ‘पहिलं आधुनिक घर’ म्हणतात. ते मला पटत नाही. वेबने हे आकाशातून आणलेलं नाही. त्याचा गुरू स्ट्रीट आणि बटरफिल्ड नावाचा दुसरा आर्किटेक्ट खेड्यापाड्यांत पाद्र्यांची घरं आणि शाळा बांधत, त्या अशाच विटांच्या असत. वेबने ते काम हाताखालून काढलेलं होतं. त्याने केलं ते असं की खेड्यातल्या पाद्र्याच्या घराचा साधेपणा एका हौशी, पैसेवाल्या जोडप्याच्या घरासाठी वापरला, लाज न बाळगता. हेच मला मोठं वाटतं.

खिडक्यांची गंमत बघा. बाहेर उभं राहिलं की पहिल्यांदा वाटतं, या माणसाला समोरासमोर दोन खिडक्या सारख्या काढता येत नव्हत्या की काय! एक उंच अरुंद, एक रुंद, काही वर-खाली सरकणाऱ्या, वरच्या बोळाला चक्क गोल झरोके, मोठ्या खिडक्यांवर विटांच्या टोकदार कमानी. पण आत गेलं की उलगडतं. खोलीला जेवढा उजेड हवा तेवढी खिडकी, आणि जिथे हवी तिथे. आधी दर्शनी बाजू सुंदर काढायची आणि मग आतल्या माणसांनी तिच्यामागे कसंबसं राहायचं, हा क्रम त्याने उलटा केला. हेरमान मुथेसियुस नावाचा जर्मन आर्किटेक्ट लंडनच्या जर्मन वकिलातीत होता. त्याने इंग्लंडमधल्या घरांवर तीन खंडांचं मोठं पुस्तक लिहिलं, ते १९०४-०५ मध्ये बाहेर पडलं. आतून आणि बाहेरून एकच विचार करून बांधलेलं नव्या काळातलं पहिलं घर, असा मान त्याने लाल घराला दिला. ज्याला पुढे ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळ म्हणू लागले, म्हणजे यंत्राच्या पाट्या टाकण्यापेक्षा कारागिराच्या हाताला मान देणारी चळवळ, तिचं मूळ लोक इथे शोधतात. ते नाव मात्र १८८७ मध्ये पडलं. घर आधीचं, नाव नंतरचं.

एवढं कौतुक केल्यावर दोषही सांगतो. या घराच्या मुख्य खोल्या उत्तरेला तोंड करून आहेत. आपल्याकडे उत्तरेचा उजेड म्हणजे चैन. ऊन आत येत नाही, खोली थंड राहते. पण लंडन ५१ अंश अक्षांशावर आहे. तिथे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली लोंबकळत जातो आणि उत्तरेच्या खोलीला किरण म्हणून दिसत नाही. चित्रकाराला स्टुडिओसाठी असा सपाट, सावली न हलणारा उजेड हवा असतो, हे खरं. पण बायकामुलांनी बसायच्या खोल्या गारठलेल्या, आणि घराची उबदार बाजू मात्र बोळाला आणि जिन्याला. मोठमोठ्या विटांच्या शेकोट्या केल्या, तरी गारठा गेला नाही. पहिल्या कामात असं होतं. वेबने नंतर चाळीस वर्षं घरं बांधली. १८९०च्या दशकात ससेक्समध्ये बील नावाच्या वकिलाच्या सात मुलांच्या कुटुंबासाठी त्याने ‘स्टँडन’ हे घर केलं. तिथे बसण्याउठण्याच्या खोल्या दक्षिणेला, बागेकडे, उन्हात आहेत. मला स्टँडन बघताना सारखं लाल घर आठवत होतं.

आता आत जाऊ. घराचा नकाशा इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा आहे. दोन पंख एका कोपऱ्यात मिळतात आणि त्या कोपऱ्यात जिना. त्याच्या पुढ्यात विहीर, तिच्यावर ओकच्या लाकडाचे खांब आणि शंकूसारखं कौलारू छप्पर. बाकी दोन बाजू उघड्या, बागेकडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॉरिस राहायला आला आणि बाजारातून सामान आणायला निघाला, तर काहीच मनाला येईना. तेव्हाचं फर्निचर अवजड, नक्षीने लादलेलं. मग मित्रांनी ठरवलं की आपणच करू. शनिवारी दुपारी लंडनहून मंडळी यायची. तीन मैलांवरच्या ॲबी वुड स्टेशनावर घोडागाडी उभी असे, तिचाही आराखडा वेबचाच. मग भिंती रंगवायच्या, जेवायचं, बागेत धावाधावी करायची, रात्री गाणी. चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स दिवाणखान्याच्या भिंतीवर एका जुन्या प्रेमकथेतला लग्नाचा प्रसंग रंगवत होता. त्यातल्या राजा-राणीला त्याने मॉरिस आणि जेनचे चेहरे दिले. जेनने लंडनच्या एका दुकानात जाड निळं कापड पाहिलं, ते आणलं, आणि नवराबायकोने बसून त्यावर डेझीची फुलं भरली. झोपायच्या खोलीचे ते पडदे. बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना, जेनची बहीण बेसी, साऱ्याजणी सुई घेऊन बसत. वेबने जेवणघरासाठी मोठं फडताळ केलं, टेबलं केली, मेणबत्त्यांची दिवठाणं केली, पेलेसुद्धा त्याने काढून दिले. खिडक्यांच्या रंगीत काचांमध्ये त्याचे पक्षी आहेत. दिवाणखान्यातला भला मोठा बाक मॉरिसने लंडनच्या जुन्या बिऱ्हाडातून आणला होता. त्याच्या वर छोटी गॅलरी केली आणि चढायला शिडी. वर बसून गाणी म्हणायची अशी कल्पना.

आणि जिना. तिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. बरोबरची मंडळी पुढे निघून गेली. ओकचा साधा जिना, कठड्याच्या खांबांना वर निमुळती टोकं, चर्चच्या मनोऱ्यासारखी. जिन्याच्या डोक्यावर उंच उतरतं छत, त्यावर निळ्या-हिरव्या रंगांत साधी नक्षी, एकसारखी पुन्हा पुन्हा. जवळून पाहिलं तर नक्षीच्या रेषेवर बारीक भोकं दिसतात. छताचा गिलावा ओला असताना टोच्याने ती नक्षी गिलाव्यातच टोचून घेतली आहे. का? तर रंग आज ना उद्या उडणार. तेव्हा पुढे जो कोणी रंगवायला शिडीवर चढेल, त्याला खूण सापडावी. मूळ रंगवणाऱ्याला शोधत जावं लागू नये, आणि अंदाजाने काहीतरी भलतंच करू नये. तुमच्यापैकी ज्यांना सणाला रांगोळी काढायची सवय आहे त्यांना ही युक्ती सांगायला नको. भोकं पाडलेल्या कागदावरून आपण ठिपके पाडतो तीच. फक्त इथे ठिपके कायमचे.

या उद्योगातूनच १८६१ मध्ये मित्रांनी कंपनी काढली, ‘मॉरिस, मार्शल, फॉकनर आणि कंपनी’. स्वतःच्या घरासाठी केलेल्या गोष्टी आता लोकांसाठी करायच्या. मॉरिसने पहिला वॉलपेपर काढला तो बागेतल्या जाळीवर चढलेल्या गुलाबांचा. त्यातले पक्षी वेबने काढले, कारण मॉरिसला पक्षी नीट जमत नसत. याच काळात घरात दोन मुली झाल्या, जेनी आणि मे.

आता न बांधलेल्या बाजूकडे येतो. मित्र शनिवारी येत आणि सोमवारी जात. मॉरिसला हे पुरेना. १८६४ च्या सुमाराला ठरलं की बर्न-जोन्स कुटुंबाने इथेच राहायला यायचं. ‘एल’ च्या उघड्या बाजूंना नवा भाग बांधायचा, म्हणजे मधे बंदिस्त चौक होईल, चौकात विहीर. आपल्याकडच्या माणसाला चित्र काढून दाखवायची गरजच नाही. वाड्यात वाढलेल्यांनी डोळे मिटले तरी दिसेल. एका अंगाला एकाचा संसार, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचा, चौक दोघांचा, मुलं चौकात. कंपनीची कामशाळाही लंडनहून इकडे हलवायची. वेबने या नव्या भागाचे नकाशे काढले. ते आजही आहेत. म्हणजे नुसतं गप्पांत ठरलेलं हे नव्हतं. माझ्या मते लाल घराचा खरा नकाशा हाच. आज उभं आहे ते अर्धं.

काय झालं? त्याच वर्षी बर्न-जोन्सांच्या घरात लाल ताप शिरला. आधी मुलाला झाला, मग जॉर्जियानाला, आणि ती गरोदर होती. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं आणि थोड्याच आठवड्यांत गेलं. ते घर त्या धक्क्यातून सावरेना. बर्न-जोन्सकडे मॉरिससारखं खाणीचं उत्पन्नही नव्हतं, चित्रांवर पोट. त्याने कळवलं की आम्हाला यायला जमणार नाही. इकडे मॉरिस रोजच्या लंडनच्या खेपांनी थकून आजारी पडला होता, ऱ्हुमॅटिक फीव्हरने. त्यात तांब्याच्या शेअरचं उत्पन्न उतरायला लागलं. घर सोडायचं ठरलं. १८६५ च्या शरद ऋतूत कुटुंब लंडनला क्वीन स्क्वेअरमध्ये आलं. खाली कामशाळा, वर बिऱ्हाड. मॉरिस त्यानंतर तीस वर्षं जगला. लाल घर तिथून दहा मैलांवर होतं. तो पुन्हा ते बघायला गेला नाही.

इथे आपल्या मुंबईचा एक धागा येतो. जॉर्जियाना माहेरची मॅकडॉनल्ड. तिची बहीण ॲलिस. ॲलिसने १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंगशी लग्न केलं आणि दोघं बोटीने मुंबईला आली. तो सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवायला नेमला गेला होता. त्याच वर्षी ३० डिसेंबरला जे. जे. च्या आवारात त्यांचा मुलगा रुडयार्ड जन्मला. म्हणजे एक बहीण चौकाच्या घरात राहायला जाऊ शकली नाही, आणि पुढच्याच वर्षी दुसरीने क्रॉफर्ड मार्केटसमोर संसार मांडला. मार्केटच्या प्रवेशद्वारांवर दगडात कोरलेली उठावचित्रं आहेत ती लॉकवुड किपलिंगची. पुढच्या वेळी फळं घ्यायला जाल तेव्हा पेटीचा भाव करण्याआधी एकदा मान वर करा. कारागिराच्या हातावरचा जो विश्वास लाल घराच्या मंडळींना होता, तोच घेऊन हा माणूस इथे आला होता. पुढे व्ही. टी. स्टेशनच्या दगडावर पानं, फुलं, प्राणी कोरण्यात जे. जे. च्या विद्यार्थ्यांचा हात होता, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असेल.

परत बेक्सलीहीथला. मॉरिस गेल्यावर घराला अनेक मालक झाले. त्यातला चार्ल्स होम नाव घेण्याजोगा. तो १८८९ ते १९०३ तिथे राहिला, आणि ‘द स्टुडिओ’ हे मासिक त्याने १८९३ मध्ये सुरू केलं. नव्या कारागिरीची चित्रं या मासिकातून जगभर गेली. बाकीच्यांबद्दल घाईने सांगतो. कोणी भिंतींना रंग फासला, कोणी चित्रांवरून कागद चिकटवला. फळबाग जाऊन भोवती घरांच्या रांगा आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे सरकारी कचेरी होती. कचेरीने घर कसं वापरलं असेल याची कल्पना आपण भारतीयांनी करायची. युद्धानंतर घर रया गेलेलं, अवाढव्य, गारठलेलं. एका कुटुंबाला परवडणारं नाही.

आणि १९५२ मध्ये ते दोन कुटुंबांनी मिळून घेतलं. टॉम्स आणि हॉलंबी. दोन्ही पुरुष आर्किटेक्ट, लंडन काउंटी कौन्सिलमध्ये नोकरीला, म्हणजे सामान्य लोकांसाठी सरकारी घरं काढणारे. पगारदार माणसं. एकट्याला झेपत नव्हतं म्हणून दोघांनी मिळून घेतलं, आणि दोघंही मॉरिसच्या विचारांनी भारलेले म्हणून हेच घेतलं. एका छताखाली दोन संसार. मॉरिसला ९० वर्षांपूर्वी जे साधलं नाही ते या दोन नोकरदारांनी साधलं, आणि त्यासाठी नवी वीट लावावी लागली नाही. अर्धं घरच दोघांना पुरलं. पुढे टॉम्स कुटुंब बाहेर पडलं, त्यांच्या जागी आणखी एक कुटुंब येऊन काही वर्षं राहिलं, तेही गेलं. टेड आणि डोरिस हॉलंबी राहिले. टेड पुढे लॅम्बेथ या लंडनमधल्या नगरपालिकेचा मुख्य आर्किटेक्ट झाला. दिवसा हजारो लोकांच्या घरांची कामं, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरावरचे रंगाचे थर खरवडणं. टेड १९९९ च्या अखेरीला वारला तोवर तिथेच होता. २००३ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. हिशोब करा. बांधणारा पाच वर्षं राहिला, राखणारा सत्तेचाळीस. पण घरावरची निळी पाटी वाचली तर पहिलं नाव वेबचं आणि मग मॉरिसचं.

ट्रस्टने डागडुजी करताना एका झोपायच्या खोलीत कपाटामागची भिंत साफ केली. २०१३ मध्ये बातमी आली की तिथे एक संपूर्ण भिंतचित्र निघालं. आदम आणि इव्ह, नोहा अशा बायबलातल्या आकृत्या, जवळजवळ माणसाच्या उंचीच्या, आणि रंगवल्या आहेत अशा की जणू भिंतीवर पडदा टांगला आहे. तज्ज्ञांच्या मते त्यात एकापेक्षा जास्त मित्रांचे हात आहेत. कुठली आकृती कोणाची यावर अजून चर्चा चालते. वर्षानुवर्षं माणसं त्या कपाटात कपडे ठेवत होती.

हे सगळं मी तुम्हाला का ऐकवलं, असं समितीच्या चेहऱ्यावर दिसतंय. सांगतो. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या फाटकावर पुनर्विकासाचे फलक लागले आहेत. आपल्याकडेही तो विषय पुढच्या पाच-सात वर्षांत येणार. मी त्याच्या बाजूने की विरुद्ध, ते आज सांगणार नाही. इमारत कायम ठेवा असं मी म्हणत नाही. आपली इमारत काही लाल घर नाही, मला आमच्या धंद्याची लाज आहे. पण तो निर्णय घेताना समोर काय असावं, एवढंच मला मागायचं आहे.

आपल्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात मंजूर नकाशांची एक गुंडाळी आहे. ती मी पाहिली. त्यात खोल्या आहेत, जिने आहेत, गच्ची आहे. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी प्रत्यक्षात कुठून गेल्या याचा एकही कागद नाही. पंचवीस वर्षांत प्रत्येक घराने भिंती हलवल्या, बाथरूम सरकवली, बाल्कन्या बंद केल्या. त्याचीही नोंद नाही. मागच्या पावसाळ्यात सी विंगमध्ये गळती कुठून येते ते शोधायला तीन घरांच्या टाइल्स फोडल्या, आणि पाइप निघाला चौथ्या घराच्या भिंतीत. ज्या प्लंबरला सगळं तोंडपाठ होतं तो गावी जाऊन दहा वर्षं झाली. उद्या इमारत मजबूत आहे की नाही हे तपासायला माणूस येईल. आपण त्याला काय दाखवणार? आणि आपल्याजवळ दाखवायला काही नसेल, तर तो जे म्हणेल ते आपल्याला ऐकावं लागेल. चौऱ्याऐंशी घरांचा प्रश्न आहे.

तेव्हा रौप्यमहोत्सवाच्या शिल्लक निधीतून माझी एक मागणी आहे. या वर्षी बाहेरून रंग काढण्याआधी प्रत्येक विंगचे आज आहेत तसे नकाशे काढून घ्यावेत. मोजमापाचं काम मी विनामूल्य करून देईन, बरोबर दोन-तीन तरुण मुलं हवीत, टेप धरायला आणि शिडीवर चढायला. नकाशाची एक प्रत ऑफिसात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. आणि जिथे म्हणून दुरुस्तीसाठी भिंत उघडली जाईल, तिथे बुजवण्याआधी फोटो काढावा आणि गिलावा ओला असतानाच पाइपच्या रेषेवर खूण करावी. टोच्या कुठल्याही लोखंडाच्या दुकानात मिळतो.

ज्यांची मुलं लंडनला आहेत त्यांच्यासाठी शेवटी एक. लंडन ब्रिजवरून बेक्सलीहीथची गाडी मिळते. स्टेशनावरून चालत जाता येतं. जाण्याआधी घर कोणत्या दिवशी उघडं असतं ते विचारून घ्या, आणि हिवाळ्यात गेलात तर स्वेटर काढू नका. आत गेल्यावर लोक तुम्हाला दिवाणखान्यातली चित्रं दाखवायला नेतील. ती बघाच. पण आधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबा आणि मान वर करून छत बघा. भोकं खालून सहज दिसत नाहीत. अर्ध्या जिन्यावर गेलं की दिसायला लागतात.

चहा आलेला दिसतोय.